एक वीत: मुंबई ते न्यूयॉर्क, एकटीनं

ऑक्टोबर २०२३, नवरात्र चालू होतं. मुलीनं फोनवर गोड बातमी दिली. बाळंतपण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. "आई, तू येशील ना?" तिनं एवढंच विचारलं आणि मी "येणारच" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मात्र पोटात गोळा आला. सासूबाई ८८ वर्षांच्या, त्यांना सोडून ह्यांना निघता येणार नव्हतं. म्हणजे जायचं ते मी एकटीनं. आणि माझा तोवरचा विमानप्रवास म्हणजे दोनदा मुंबई–नागपूर, तोही ह्यांच्यासोबत.

मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. अक्षांश, रेखांश, स्थानिक वेळ हे सगळं फळ्यावर किती वेळा काढलं असेल. पण स्वतः निघायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न चारचौघांसारखाच पडला: हे नक्की किती लांब आहे, आणि विमानात किती तास बसायचं? आता जाऊन, राहून परत आले आहे. माझ्यासारख्या आणखी कुणी आई, मावशी, आत्या पहिल्यांदा एकट्या निघत असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अंतर शोधायला मोबाइल उघडला तर गोंधळच वाढला. एका ठिकाणी १२,५०० च्या पुढचा आकडा, दुसरीकडे ७,८०० च्या आत, तिसरीकडे ६,७०० च्या पुढचा. थोडा वेळ पाहिल्यावर लक्षात आलं की अंतर एकच आहे, मोजायची मापं तीन. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा आपल्या नेहमीच्या मैलांचा, तिसरा सागरी मैलांचा. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि विमानवाले तोच वापरतात. मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे सरळ अंतर साधारण १२,५३० किलोमीटर भरतं.

तरी मनाची खात्री पटेना. कपाटावरून माझा जुना पृथ्वीगोल काढला. धूळ पुसली, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. आधी विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजला: ६४ सेंटिमीटर. खरं विषुववृत्त ४०,०७५ किलोमीटरचं, म्हणजे माझ्या गोलावर एक सेंटिमीटरला साधारण ६२६ किलोमीटर. मग दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर ताणलं. दोरा पश्चिमेकडे जाईल असं वाटत होतं, तो सरळ उत्तरेला चढला. अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडा, आणि मग खाली न्यूयॉर्क. लांबी वीस सेंटिमीटर.

भिंतीवरच्या सपाट नकाशात दोन्ही शहरांना जोडणारी रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी आडवी जाते. तीच वाट गोलावर दोऱ्यानं धरून पाहिली तर पावणेतेवीस सेंटिमीटर भरली. जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त, विमानाचे दोन तास. बृहद्‌वृत्त म्हणजे गोलावरची सर्वांत जवळची वाट, हे मी दरवर्षी नववीला सांगायचे. त्या दिवशी ते बोटांना कळलं.

सासूबाई पलंगावरून सगळं बघत होत्या. "किती लांब गं?" म्हणाल्या. मी गोल त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मुंबईवर अंगठा, न्यूयॉर्कवर करंगळी टेकवून दाखवली. बरोब्बर माझी एक वीत. त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला. "वीतभर तर आहे," म्हणाल्या, "जा जाऊन ये."

अंतरानंतर वेळ. विमान ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटरनं जातं, म्हणजे हिशेबानं चौदा–साडेचौदा तास. पण थेट विमानाची वेळ दाखवत होती १५ तास ४० मिनिटं. फरक दोन कारणांनी पडतो. एक म्हणजे तिकिटावरची वेळ दार लागल्यापासून दार उघडेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं, उतरणं सगळं त्यात धरलेलं. दुसरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. अमेरिकेला जाताना ते अंगावर येतात आणि येताना पाठीवर घेतात. म्हणून परतीचं तेच अंतर चौदा तासांचं होतं. शिवाय विमानाला माझ्या दोऱ्यासारखं सरळ जाता येतंच असं नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे; २०१९ मध्ये पाकिस्ताननं काही महिने हद्द बंद केली तेव्हाही विमानांना वळसा पडला होता.

थांबा घेऊन जायचा पर्यायही पाहिला. लंडनमार्गे अंतर फारसं वाढत नाही, याचं नवल वाटलं. मुंबई–लंडन ७,२०० च्या आसपास आणि लंडन–न्यूयॉर्क साडेपाच हजार, मिळून दोनशे किलोमीटरच जास्त. दुबईमार्गे चारशे. तिकीटही स्वस्त, मी पाहिलं तेव्हा जाऊन-येऊन एक लाख चार हजार. थेट विमानाचं एक लाख एकतीस हजार. पण मधले चार-पाच तास, अनोळखी विमानतळावर दुसरं दार शोधणं, पहिल्या विमानाला उशीर झाला तर काय, या विचारानं छाती दडपायची. मुलगी म्हणाली, "आई, सत्तावीस हजारांत तुझी झोप विकत घेऊ." थेटच ठरलं. ज्यांना सलग बसणं जमत नाही, पाठीचं दुखणं आहे, त्यांना मधला थांबा बराही पडेल.

पण तिकिटाआधी पासपोर्ट आणि व्हिसा. पासपोर्टची मुदत संपलेली. नूतनीकरणाचे १,५०० रुपये ऑनलाइन भरले, दहा दिवसांनी सेवा केंद्रातली वेळ मिळाली, पोलीस पडताळणी होऊन नोव्हेंबरच्या शेवटी पासपोर्ट टपालानं घरी. एक गोष्ट तेव्हाच नीट करून घ्या. माझ्या आधारवर ह्यांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर होतं, पासपोर्टवर पूर्ण नाव. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, अक्षरानं अक्षर, व्हिसाच्या फॉर्मवर आणि तिकिटावर गेलं पाहिजे. आधार दुरुस्त करायला तीन आठवडे गेले.

डिसेंबरात व्हिसाच्या अर्जाचा डीएस-१६० फॉर्म भरला. लांबलचक आहे, मधेमधे साठवून ठेवा आणि अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. शुल्क १८५ डॉलर, तेव्हाच्या दरानं साडेपंधरा हजारांच्या आसपास. मुलाखतीची सर्वांत जवळची तारीख दिसली ती थेट २०२५ मधली. त्या रात्री मी जेवले नाही. नात-नातू वर्षाचं होईल तेव्हा मी पोचणार! आहे ती तारीख घेऊन ठेवली आणि रोज पहाटे एकदा, रात्री एकदा बघायचं ठरवलं. कुणी रद्द केली की तारखा मोकळ्या होतात. सारखं सारखं उघडू नका, खातं काही काळ बंद होतं. माझं एकदा झालं. तारीखही तेव्हा मोजक्याच वेळा बदलता येत होती. फेब्रुवारीत एका पहाटे १३ मार्च २०२४ दिसली. चहाचं आधण गॅसवर तसंच उकळत राहिलं.

बोटांचे ठसे ११ मार्चला, मुलाखत १३ ला, दोन्ही बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. मुलुंडहून कुर्ल्याला उतरून रिक्षा. मुलाखतीला मोबाइल आत नेता येत नाही, तो घरीच ठेवा. मी मराठीतून बोलायची विनंती केली आणि ती मान्य झाली. कुणाकडे जाताय, मुलगी काय करते, तुम्ही काय करत होता, परत कधी येणार, एवढंच विचारलं. मी खरं तेच सांगितलं: मुलीचं बाळंतपण आहे, ऑक्टोबरात परत येणार, घरी सासूबाई आहेत. तीन मिनिटं लागली असतील. आठवड्यानं पासपोर्ट हातात.

तिकीट काढलं १६ मेचं, पहाटे दोनचं. इथे फार सांभाळा. १६ तारखेला पहाटे दोन म्हणजे घरातून निघायचं १५ ला रात्री. आमच्या ओळखीतलं एक जोडपं बरोबर एक दिवस उशिरा विमानतळावर गेलं होतं. मी कॅलेंडरवर १५ च्या चौकोनात लाल पेनानं "आज रात्री निघणे" असं लिहिलं.

तिकिटावर अजून एक गोष्ट चक्रावते. निघायची वेळ दोन, पोचायची त्याच दिवशी सकाळी आठ दहा. म्हणजे सहा तास दहा मिनिटं? आणि परतीला सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा, म्हणजे साडेतेवीस तास. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या आहेत. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. ह्यांनी एक सोपा ताळा काढला. दिसणारे दोन्ही आकडे मिळवायचे: सहा तास दहा मिनिटं अधिक साडेतेवीस तास, म्हणजे एकोणतीस तास चाळीस मिनिटं. निम्मे केले की चौदा तास पन्नास मिनिटं. जाताना जे साडेनऊ तास वजा झाले तेच येताना मिळाले, म्हणून बेरजेत ते उरत नाहीत. सरासरी प्रवास एवढा. जाताना थोडा जास्त, येताना थोडा कमी. फक्त मार्च आणि नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे-मागे होतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे प्रवास असेल तर ताळा अर्ध्या तासानं चुकेल.

फोन करायलाही युक्ती सापडली. उन्हाळ्यात आपल्या वेळेत अडीच तास मिळवायचे आणि दिवसाची रात्र, रात्रीचा दिवस करायचा. आपल्याकडे रात्रीचे नऊ, तर तिकडे सकाळचे साडेअकरा. हिवाळ्यात दीडच तास मिळवायचे. सासूबाईंनीसुद्धा हे पाठ केलं.

गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे गेले. माझी रक्तदाबाची गोळी सकाळी आठची. विमानात सकाळ कुठली धरायची? त्यांनी कागदावर लिहून दिलं: पहिली गोळी भारताच्या आठला विमानातच, पुढची कशी सरकवायची तेही तारीख-वेळ घालून. तुम्ही आपल्या डॉक्टरांकडून असंच लिहून घ्या, प्रत्येकाचं औषध वेगळं. चार तासांहून जास्त बसून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, म्हणून त्यांनी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे दिले आणि दर दोन तासांनी उठायला सांगितलं. गोळ्या, चिठ्ठी आणि मुलीचा पत्ता हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. विमा पाच महिन्यांचा काढला, तीस हजारांच्या घरात गेला.

ह्यांनी निघताना हातातलं एचएमटीचं चावीचं घड्याळ काढून माझ्या हातात घातलं. "हे मुंबईच्या वेळेवरच ठेव," म्हणाले. "मोबाइल तिकडची वेळ दाखवेल. हे बघितलंस की आम्ही काय करत असू ते कळेल." पट्टा मला सैल होत होता, मुलुंड स्टेशनजवळच्या घड्याळजीकडून जास्तीचं भोक पाडून आणलं.

१५ तारखेला रात्री साडेनऊला घर सोडलं. रस्ता मोकळा मिळाला, साडेदहाला सहार विमानतळावर. आत फक्त प्रवासी जातात. ह्यांना दाराशीच थांबावं लागलं. काचेतून मागे बघितलं तर ते तिथेच उभे. मी पुढे गेले नाही तर रडेन असं वाटलं म्हणून पुढे गेले. बॅगा २३ किलोच्या दोन चालत होत्या, घरी वजनकाट्यावर २२ वर थांबवलेल्या. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, गोडा मसाला, तूप. सगळ्यावर काय आहे त्याची चिठ्ठी. अमेरिकेच्या विमानांना दाराशी पुन्हा एक तपासणी असते; आधीच्या तपासणीनंतर भरून घेतलेली पाण्याची बाटली तिथे टाकावी लागली. ज्यांना चालवत नाही त्यांनी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

विमान दोन पंचवीसला हललं. मी कडेची जागा मागून घेतली होती, उठायला कुणाची परवानगी नको. पहिले दोन तास हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, त्यावर उंची, वेग, राहिलेले किलोमीटर. सिनेमे होते, मी तो नकाशाच बघत राहिले. १२,००० खाली गेले, मग ११,०००. प्रत्येक हजाराला मनात दोऱ्याचं दीड सेंटिमीटर सरकायचं. कानात दडे बसले होते. विमानातली हवा दोन हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर असते तेवढी विरळ ठेवतात, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ. घसा सारखा सुकतो तो कोरड्या हवेमुळे. दर वेळी उठले की मागे जाऊन पाणी मागून प्यायचे.

ह्यांच्या घड्याळात आठ वाजले तेव्हा गोळी घ्यायला उठले. पडद्यावर विमान काळ्या समुद्रापाशी. सगळ्या खिडक्या बंद, लोक झोपलेले. मागच्या दाराला तळहाताएवढी खिडकी असते, तिची झडप थोडी उघडी होती. वाकून पाहिलं तर विमानाच्या मागे क्षितिजावर तांबडी रेघ. सूर्य आमच्या मागून येत होता.

ती सकाळ संपलीच नाही. दोन तासांनी पुन्हा गेले, सूर्य जेमतेम वर. चार तासांनी खाली ब्रिटनच्या बेटांवर ढग, आणि उन्हं अजून तिरकीच. साठ अंश अक्षांशावर पृथ्वीचा फिरण्याचा वेग ताशी ८३५ किलोमीटर होतो, विषुववृत्तावरच्या निम्मा. तिथून पश्चिमेला जाणारं विमान पृथ्वीच्या फिरण्याला जवळजवळ गाठतं, म्हणून सूर्य जागचा हलत नाही. मी मुलांना हे तोंडानं सांगितलं होतं. त्या दिवशी मी साडेनऊ तास सकाळ बघितली. तिथे उभी असताना मला भीती वाटत नव्हती, हे नंतर ध्यानात आलं. हवाईसेविकेनं विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "फार बरं वाटतंय."

अटलांटिकवरचे तास मात्र खरोखर लांब गेले. गुडघे आखडले, झोप येईना, मोजे टोचायला लागले. पडद्यावर कॅनडाचा किनारा आला तेव्हा हायसं वाटलं.

न्यूयॉर्कच्या सकाळी आठ पाचला विमान दाराशी लागलं. उशिरा निघूनही पाच मिनिटं आधी. दारापासून दारापर्यंत १५ तास १० मिनिटं. वेळापत्रकात असे थोडे तास-मिनिटं राखून ठेवलेले असतात. इमिग्रेशनच्या रांगेत सव्वा तास गेला. अधिकाऱ्यानं कशासाठी आलात, किती दिवस, एवढंच विचारलं. ठसे, फोटो, आणि सहा महिन्यांची मुदत. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत तिथे ठरते, तारीख नंतर मुलीनं ऑनलाइन तपासून छापून ठेवली. खाण्याचं काय आहे विचारलं तेव्हा लाडू, मसाला, तूप सगळं सांगितलं. लपवू नका. फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊच नका.

दहा वाजता बाहेर आले. जावई फुलं घेऊन उभे होते, मुलगी गाडीत पाय वर करून बसलेली. न्यू जर्सीत त्यांच्या घरी साडेअकराला. मी ह्यांच्या घड्याळात पाहिलं: रात्रीचे नऊ. मुलुंडच्या दारातून इथल्या दारात साडेतेवीस तास, त्यातले विमानाचे पंधराच. कुणाला न्यायला-पोचवायला माणूस सांगायचा असेल तर हाच आकडा सांगा, तिकिटावरचा नाही.

पहिले पाच-सहा दिवस पहाटे तीनला टक्क जाग यायची. मी उठून लाडवांचे डबे लावायचे. १२ जूनला नात झाली. त्या पाच महिन्यांचं वेगळं लिहीन, इथे नको.

२० ऑक्टोबरला साडेअकराला परत निघाले, दिवाळीच्या आत घरी यायचं होतं. या वेळी पडद्यावर वेग बघितला तर अटलांटिकवर ताशी १,०२० किलोमीटर. जाताना तिथेच आठशेच्या आतबाहेर होता. वारा पाठीशी होता. आता रात्र झरझर आली आणि झरझर गेली. जेवण आटोपून डोळा लागतो न लागतो तोच बाहेर उजाडलेलं.

मुंबई जवळ आली तशी वैमानिकानं स्थानिक वेळ सांगितली, दहा पन्नास. आजूबाजूचे लोक मनगटावरची घड्याळं पुढे करायला लागले. शेजारच्या आजींना ते जमेना, त्यांनी मला विचारलं, "किती वाजले हो?" मी हात त्यांच्यापुढे धरला. पाच महिने रोज रात्री चावी दिलेलं ते घड्याळ दहा पन्नासच दाखवत होतं.